योदया: अयुथयाहून नेलेली माणसं, मूर्ती आणि रामायण

ताडपत्र (मूळ धागा)

थायलंड-ब्रह्मदेश हा विषय निघाला की गाडी थेट लढायांवर जाते. थाई इतिहासकार राजपुत्र दामरोंग यांनी तर त्यांची मोजदादच करून ठेवली आहे: अयुथयाच्या (सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, जुन्या राजधानीच्या) काळात २४ आणि नंतर २०, एकूण ४४. पण लढाई संपल्यावर जिंकणाऱ्याने काय उचलून नेलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्या यादीत दिसत नाही. हा धागा त्यासाठी.

बर्मी बोलण्यात थाई माणसाला, थाई गाण्याला, थाई नाचाला आजही 'योदया' म्हणतात. मूळ संस्कृत अयोध्या, तिचं थाई अयुथया, आणि बर्मी जिभेवर योदया. नामशेष झालेल्या राजधानीचं नाव शत्रूच्या भाषेत अख्ख्या लोकांचं नाव होऊन बसलं.

त्या काळच्या आग्नेय आशियात जमीन मुबलक होती आणि माणसं कमी. भातखाचरं करायला, नावा वल्हवायला, देवळं बांधायला हात लागत. त्यामुळे युद्ध जिंकणं म्हणजे मुख्यतः माणसं हलवणं. विणकर, सुतार, सोनार, माहूत, वैद्य, नर्तकी, भिक्षू यांची निवड करून रांगा लावून नेत. हे दोन्ही बाजूंनी केलं, एकट्या बर्मींच्या माथी मारू नये. अयुथयाने ख्मेर राजधानी अंगकोरचं तेच केलं होतं.

त्याचा पुरावा मंडालेत उभा आहे. महामुनी मंदिराच्या आवारात काशाच्या सहा ख्मेर मूर्ती आहेत: दोन शैव द्वारपाल, तीन सिंह आणि एक तीन डोक्यांचा ऐरावत. घडवल्या अंगकोरला. १४३१ मध्ये अयुथयाच्या फौजेने त्या आपल्याकडे नेल्या. १५६९ मध्ये बर्मी राजा बयिन्नौंगने अयुथया घेतलं आणि त्या त्याच्या राजधानीला, पेगूला गेल्या, तेव्हा तीस होत्या म्हणतात. १५९९-१६०० च्या सुमारास पेगू लुटलं गेलं तेव्हा आराकानच्या (पश्चिम किनाऱ्यावरचं वेगळं राज्य) राजाने त्या आपल्या राजधानीला, म्राउक-उला नेल्या. १७८४-८५ मध्ये बर्मी राजा बोडॉपयाने आराकान जिंकून महामुनीची मूर्ती आणली, तिच्याबरोबर या. आज उरल्यात सहा. सिंहांची डोकी मूळची नाहीत, मागाहून बर्मी पद्धतीची बसवलेली आहेत. धड आणि मान यांचा जोड बघितला की लगेच कळतं. आपलं जे दुखतं तो मूर्तीचा अवयव चोळला की बरं वाटतं अशी श्रद्धा असल्याने द्वारपालांची पोटं आणि गुडघे चकचकीत, बाकी अंग काळपट.

आता १७६७. अयुथया हे चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी या तीन नद्यांनी वेढलेलं बेट. तिथला ठरलेला बचाव म्हणजे पावसाळ्यापर्यंत तग धरायचा; पूर आला की वेढा घालणारा आपोआप उठतो. बर्मी राजा सिनब्यूशिनचे दोन सेनापती, उत्तरेकडून ने म्यो थिहापते आणि दक्षिणेकडून महा नॉरथा, हे गणित ओळखून आले होते. पुरात त्यांनी फौज मागे घेतली नाही. शहराबाहेरच्या विहारांच्या उंच जोत्यांवर छावण्या टाकल्या, बांध घातले, नावा बांधल्या. पाणी ओसरल्यावर ईशान्य कोपऱ्याला, हुआ रो भागात, तटाच्या पायाखाली भुयारं खणली, त्यांत लाकूडफाटा भरला आणि पेटवला. १४ महिन्यांच्या वेढ्यानंतर ७ एप्रिल १७६७ ला तट खचला. विजेत्यांना तिथे राहणं मात्र जमलं नाही. चीनच्या फौजा उत्तरेकडून ब्रह्मदेशात घुसत होत्या, म्हणून मुख्य सैन्य काही आठवड्यांत माघारी. जाताना राजघराणं आणि हजारो कारागीर बर्मी राजधानी आवाकडे.

या कैद्यांत एक माजी राजा होता, उथुम्फोन. भावासाठी गादी सोडून भिक्षू झालेला. तो ब्रह्मदेशातच १७९६ मध्ये वारला. बर्मी दरबाराने त्याच्यासारख्यांच्या तोंडून अयुथयाची राजवट, चालीरीती, वंशावळी लिहून घेतल्या. अयुथयाचं दफ्तर आगीत गेलेलं, त्यामुळे स्वतःच्या जुन्या राजधानीची माहिती मिळवायला थाई अभ्यासकांना पुढे शत्रूने नोंदवलेल्या याच जबान्या चाळाव्या लागल्या.

आणि रामायण. १७८९ मध्ये बोडॉपयाच्या दरबारात राजपुत्र आणि मंत्र्यांची एक समिती नेमून अयुथयाचं रामायण आणि 'इनाओ' ही जावाकडून आलेली राजपुत्राची प्रेमकथा बर्मीत उतरवायचं ठरलं. कैदी कलावंत सांगणार, बर्मी पंडित लिहिणार. यातला मोठा माणूस म्यावडी मिंजी उ सा (१७६६–१८५३). त्याने थाई चालींवर बर्मी शब्द बसवले आणि 'योदया' हा गाण्यांचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला. बर्मी अभिजात संगीत शिकणाऱ्याला तो आजही चुकत नाही.

---

मोडीवाचक

ताडपत्र, मस्त धागा. उच्चारांचा नियम जोडतो, म्हणजे नावं पाहून गोंधळ व्हायचा नाही. बर्मी उच्चारात 'स' चा 'थ' होतो आणि 'र' चा बहुतेक वेळा 'य'. एवढ्यावर निम्मी कुलुपं उघडतात:

सीता – थिदा. राम – यामा. राजा – याझा. शासन – थाथना. हंसवती (पेगूचं जुनं नाव) – हंथावडी. शक्र, म्हणजे इंद्र – थाज्या. संक्रांत – थिंज्यान (बर्मी नववर्षाचा सण).

वर आलेला सेनापती थिहापते म्हणजे सरळ 'सिंहपती'. नॉरथा हा 'अनुरुद्ध', आपला अनिरुद्ध.

थाईत चाल वेगळी. शब्दाचा शेवट गिळतात आणि ब, द यांना फ, थ करतात. दशकंठ – थोत्सकान. वाली – फाली. बिभीषण – फिफेक. लक्ष्मण – नुसता लाक.

बर्मी रामायणाला 'यामा झातडॉ' म्हणतात. त्यातला 'झात' म्हणजे जातक. रामकथा त्यांनी बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या खात्यात टाकली, म्हणून बौद्ध दरबारात ती बिनदिक्कत चालली.

---

रानजाई

लेख चांगला आहे, पण एक हरकत. 'थाई विरुद्ध बर्मी' ही मांडणी विसाव्या शतकाची. १५६९ ची बयिन्नौंगची फौज घ्या: त्यात मोन, शान, लान्नाचे (चिआंग माईकडच्या राज्याचे) लोक, पोर्तुगीज बंदूकधारी. त्याच्या बाजूला फित्सानुलोकचा थाई अधिपती महाथम्मराजा सुद्धा होता, आणि अयुथया पडल्यावर बयिन्नौंगने गादीवर त्यालाच बसवलं. लढाई राजधान्यांची होती, राष्ट्रांची नव्हे.

आणि मोन लोकांना (दक्षिण ब्रह्मदेशातले, पेगू-मार्तबानकडचे) वगळून हा विषय पुराच होत नाही. या दोघांमधले सगळे व्यवहार त्यांच्या हातून झाले. मार्तबानचा राजा वरेरू (राज्य १२८७ पासून) सुखोथायच्या (अयुथयाआधीचं थाई राज्य) राजाच्या हत्तीखान्यात चाकरीला होता आणि राजकन्येला पळवून घेऊन आला, अशी मोन बखरीची कथा. कथा सोडा, पण त्याच्या नावाचा धम्मथाट, म्हणजे मनूच्या नावावर चालणारा धर्मशास्त्राचा ग्रंथ, बर्मी कायद्याचा पाया झाला. थाई 'थम्मसात' सुद्धा मोन परंपरेतूनच आलेला. पेगूच्या धम्मझेदी राजाने १४७६ मध्ये भिक्षूंना श्रीलंकेत पाठवून कल्याणी नदीवर नव्याने उपसंपदा (भिक्षूची पूर्ण दीक्षा) घेववली आणि तो आचार पुढे सयामपर्यंत गेला. पुढे मोंगकुटने (नंतरचा सयामचा राजा, चौथा राम) भिक्षू असताना थम्मयुत पंथ काढला, तोही एका मोन भिक्षूची शिस्त पाहून.

बर्मी राजांनी मोन मुलूख दाबला की मोन गावंच्या गावं सयाममध्ये उतरत. बँकॉकजवळचं को क्रेत, फ्रा प्रादेंग ही त्यांचीच वस्ती. थाई लोक आवडीने खातात ती 'खनोम चीन', आंबवलेल्या तांदळाची शेवई, मोन आहे. नावातल्या 'चीन'चा चीनशी काही संबंध नाही.

---

ताडपत्र

रानजाई, हरकत मान्य. महाथम्मराजाचा मुलगा नरेसुअन. तो लहानपणी पेगूत ओलीस होता, युद्धविद्या तिथेच शिकला आणि १५८४ मध्ये त्याच दरबाराविरुद्ध उभा राहिला.

त्याचं हत्तीवरचं द्वंद्व (नोंग सराय, जानेवारी १५९३) मुद्दाम लेखात घेतलं नव्हतं, कारण दोन्हीकडच्या बखरी जुळत नाहीत. थाई परंपरेत त्याने युवराज मिंगी स्वाला हत्तीवरून समोरासमोर कापलं. थायलंडचा सेनादिन १८ जानेवारीला असतो तो याच आठवणीत. बर्मी बखरीत युवराज बंदुकीच्या गोळीने पडला. युवराज मेला आणि फौज परत फिरली, एवढं दोघांनाही मान्य.

---

चक्रीवादळ

बखरी न जुळण्याचं आणखी एक उदाहरण, नाय खनोम तोम. १७६७ चा कैदी. १७ मार्च १७७४ ला रंगूनमध्ये सिनब्यूशिनपुढे त्याने ओळीने नऊ-दहा बर्मी मल्ल पाडले अशी थाई बखर. १७ मार्च हा मुए थाईचा (थाई मुष्टियुद्धाचा) दिवस म्हणून पाळतात. राजा त्या सुमारास श्वेडगॉनवर नवं छत्र चढवायला रंगूनला आला होता हे खरं, लढतीची गोष्ट मात्र एकाच बाजूची.

बर्मी मुष्टियुद्ध लेथ्वे आणि मुए थाई ही भावंडं आहेत, फरक नियमांत. दोन्हीकडे साधारण ५ फेऱ्या, प्रत्येकी ३ मिनिटं. मुए थाईत हातमोजे असतात. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर चालतं. लेथ्वेत मूठ फक्त कापडी पट्टीने बांधतात आणि डोक्याची टक्करही चालते. पारंपरिक लेथ्वेत गुण मोजत नाहीत: शेवटी दोघे उभे असले तर बरोबरी. बेशुद्ध पडलेल्याला २ मिनिटांची एक सूट मिळते, कोपऱ्यात नेऊन त्याला शुद्धीवर आणायचं आणि पुन्हा उतरवायचं. ही सूट शेवटच्या फेरीत नाही. नवखा प्रेक्षक लढत संपली समजून उठतो तो इथेच.

सुरुवातीची पद्धतही निराळी. थाई मल्ल 'वाय ख्रू' करतो, गुरुवंदना, सावकाश, सनईसारख्या वाद्यावर. बर्मी मल्ल डाव्या दंडाजवळ उजव्या तळव्याने शड्डू ठोकतो. आपल्या तालमीतल्या माणसाला हे दुसरं लगेच ओळखीचं वाटेल.

---

उपरणे

रामायणात प्रत्यक्ष रंगमंचावर काय फरक आहे? दोन्हीकडे मुखवटेच ना?

---

ताडपत्र

उपरणे, मुखवटे दोन्हीकडे, पण थाई खोनमध्ये (रामायणाचं मुखवटानाट्य) राक्षस आणि वानरच मुखवटा घालतात. राम, लक्ष्मण, सीता आता उघड्या चेहऱ्याने आणि मुकुटाने येतात. मुखवटेवाला बोलू शकत नाही म्हणून संवाद बाजूला बसलेले निवेदक म्हणतात. बर्मी प्रयोगात नट स्वतः बोलतो, गातो. ओळख रंगावरून: थाई राम गर्द हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढरा, सुग्रीव तांबडा. रावणाचा मुखवटाही हिरवाच, वर छोट्या डोक्यांची उतरंड.

मराठी माणसाला धक्का बसतो तो हनुमानाचा. रामकियेनमध्ये (थाई रामायण) तो ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना दगड पळवणाऱ्या रावणकन्या सुपन्नमच्छा या मत्स्यकन्येशी तो संधान बांधतो, आणि ती एकटीच नाही. बँकॉकच्या राजदरबाराने १७९७ मध्ये राजा पहिला राम याच्या नावाने जी मोठी संहिता सिद्ध केली तीत हे सगळं आहे, आणि तिथल्या राजमंदिराच्या, वाट फ्रा केओच्या, ओवऱ्यांतल्या भित्तिचित्रांतही.

---

ओसरी

मंडालेचं नाव निघालंच आहे तर: टिळक १९०८ ते १९१४ ज्या मंडालेच्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' जिथे लिहिलं तो कोनबौंग राजांच्या किल्ल्याच्या आवारातला. ज्या घराण्याने अयुथया जाळलं त्याच घराण्याचा शेवटचा राजा थिबा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला पदच्युत केलं, रत्नागिरीला ठेवलं, आणि तिथेच तो १९१६ मध्ये वारला. १९१० चा थिबा राजवाडा अजून उभा आहे, वरच्या लाकडी नक्षीसकट. माणसं उचलून नेणाऱ्या घराण्याची अखेर अशी दुसऱ्याच्या मुलखात ओलीस म्हणून झाली.

---

दगडफूल

लढाया पुरे. कांग हांग ले. चिआंग माईचं हे डुकराच्या मांसाचं कालवण बर्मी आहे. बर्मीत 'हिन' म्हणजेच कालवण. चिआंग माई १५५८ पासून दोनशेहून अधिक वर्षं बर्मी अमलाखाली होतं, १७७५ च्या आसपास सुटलं. राज्य गेलं, कालवण राहिलं.

पाच-सहा माणसांसाठी: पोटाकडचं चरबीचं अर्धा किलो आणि खांद्याचं अर्धा किलो मांस, दीड इंची तुकडे. वाटणाला ७-८ भिजवलेल्या सुक्या मिरच्या, गवती चहाच्या २ काड्यांचा खालचा पांढरा भाग, गलंगल (थाई आलं) १ चमचा, छोटे कांदे ७-८, लसूण ८ पाकळ्या, कोळंबीची आंबवलेली पेस्ट १ चमचा, मीठ. त्यात हांग ले मसाला दीड ते दोन मोठे चमचे, पाव चमचा हळद, काळा सोया सॉस १ मोठा चमचा. मांसाला चोळून किमान २ तास, जमलं तर रात्रभर.

तेल घालायचं नाही. जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर मांसाची चरबी सुटू द्यायची, मग बुडेल इतकंच पाणी, आणि झाकून मंद आचेवर दीड तास. शेवटच्या २०-२५ मिनिटांत आल्याच्या बारीक काड्या ७० ग्रॅम, लोणच्याच्या लसणाच्या १० पाकळ्या, चिंचेचा कोळ ३ मोठे चमचे, ताडगूळ २ मोठे चमचे, भाजके शेंगदाणे पाव वाटी.

काय बिघडतं: चिंच आधी घातली तर मांस शिजायला वेळ लागतो. आलं आधी घातलं तर काड्यांचा लगदा होतो आणि चावल्यावर येणारा झटका जातो. मोठ्या आचेवर मसाला बुडाशी लागला की कडवटपणा गुळानेही झाकत नाही. आणि नारळाचं दूध घालू नये. इतर थाई कालवणांच्या सवयीने बरेच जण घालतात, मग हे हांग ले राहत नाही.

हांग ले मसाला मिळाला नाही तर साधा गरम मसाला १ चमचा, धणेपूड २ चमचे, जिरेपूड अर्धा चमचा. गोडा मसाला चालणार नाही. त्यात खोबरं, तीळ आणि माझा नामबंधू असतो, चव थेट आमटीकडे जाते.

---

उपरणे

डुक्कर न खाणाऱ्यांनी काय करायचं?

---

दगडफूल

कोंबडीच्या तंगड्या हाडासकट, ४० मिनिटं पुरे, दोन चमचे तेल घ्यावं लागेल. छातीचं मांस नको, कोरडं पडतं.

पूर्ण शाकाहारी हवं असेल तर हांग ले सोडा आणि शान लोकांचं गरम 'तोफू' करा. नाव सोयाबीनचं, वस्तू बेसन. मे होंग सोनपासून पलीकडे शान राज्यापर्यंत सकाळी मिळतं. १ वाटी बेसन, ६ वाट्या पाणी, हळद, मीठ. पीठ गार पाण्यातच कालवायचं, गाळून घ्यायचं, मग मंद आचेवर २०-२५ मिनिटं सतत ढवळत शिजवायचं. हात थांबला की बुडाला लागतं, आणि गरम पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या. हे दोन्ही आपल्याकडे पिठलं करणाऱ्याला सांगायची गरज नाही. खाली तांदळाच्या शेवया, वर तळलेली लसूण, तिळाचा कूट, मिरचीचं तेल.

बर्मी 'ओन्-नो खौ स्वे'लाही दाटपणा बेसनाचाच येतो. चिआंग माईच्या 'खाओ सोय'मध्ये तो नारळाच्या दुधावर आणि मसाल्याच्या वाटणावर असतो, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया. नाव जवळपास एक, पण अंगं वेगळी.

---

गणिती

सणांचं राहिलं. दोन्हीकडचा जुना शक एकच, चुल्लशकराज, आरंभ इ.स. ६३८. साल काढायचं तर त्यात ६३८ मिळवा. ब्रह्मदेशात अजून चालतो. अयुथयाने १५६९ नंतर स्वीकारला आणि सयाममध्ये सरकारी कामात तो १८८९ पर्यंत होता. म्हणजे जिंकणाऱ्याचं कॅलेंडर तीनशे वर्षं.

वर्षाची लांबी सूर्यसिद्धांताच्या घराण्यातली: ८०० वर्षांचे २,९२,२०७ दिवस, म्हणजे ३६५.२५८७५. ग्रेगोरियन वर्षाहून ही किंचित मोठी, म्हणून नववर्षाची (मेष) संक्रांत साधारण ६१-६२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

आपल्या पंचांगाशी फरक अधिक मासात. आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत नाही तो अधिक, मग तो कुठलाही असो. थाई आणि बर्मी दोघेही फक्त आषाढच दोनदा घेतात: थाईत 'दोनदा आठवा' (आषाढ हा त्यांचा आठवा महिना), बर्मीत 'दुसरा वासो'. वाढीव दिवस मात्र निराळे लावतात. जादा दिवस दोन्हीकडे ज्येष्ठालाच मिळतो, पण थाई तो अधिक मास नसलेल्या वर्षात देतात, म्हणून वर्षं ३५४, ३५५ किंवा ३८४ दिवसांची. बर्मी तो अधिक मास असलेल्या वर्षातच देतात, म्हणून ३५४, ३८४ किंवा ३८५.

परिणाम बघा. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण होता. महाराष्ट्रातल्या बौद्धांची आषाढ पौर्णिमा ३ जुलैला झाली, वर्षावास तिथून धरला. थायलंड-ब्रह्मदेशात ती १ ऑगस्टला. त्याच वर्षी वैशाख पौर्णिमेला मात्र हे दोघेही एकमेकांपासून फुटले: थायलंडात ३ जून, कारण अधिक वर्षात तो सण सातव्या महिन्यात ढकलतात, ब्रह्मदेशात मेच्या सुरुवातीलाच.

म्हणून 'लॉय क्रथोंग (थाईंचा दिवे पाण्यात सोडायचा सण) म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा' हे एरवी बरोबर, दरवर्षी नाही. २०२० मध्ये अधिक अश्विनामुळे लॉय क्रथोंग ३१ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीच्या पौर्णिमेला आला. त्या बेताने प्रवासाची तिकिटं काढणाऱ्यांनी पंचांग नव्हे, तिथली यादी बघावी.

आणखी एक खड्डा: महिन्याचा क्रमांक. बँकॉकचा पहिला महिना मार्गशीर्ष, म्हणून चैत्र पाचवा, आषाढ आठवा, कार्तिक बारावा. चिआंग माई दोन आकडे पुढे. तिथला 'यी पेंग', म्हणजे दुसऱ्या महिन्याची पौर्णिमा, ही बँकॉकच्या बाराव्या महिन्याचीच.

---

रानजाई

गणिती, कथेची भर. नववर्षाच्या संक्रांतीला दोघांचीही गोष्ट एकाच सांगाड्याची: ब्रह्मा पैज हरतो, त्याचं डोकं कापलं जातं, पण ते जमिनीवर ठेवलं तर आग, समुद्रात टाकलं तर समुद्र आटणार. म्हणून सात कन्या ते आळीपाळीने वर्षभर सांभाळतात आणि नव्या वर्षाला हस्तांतर होतं. बर्मी कथेत धडावर हत्तीचं डोकं बसवतात आणि तिथून गणपती होतो! थाई कथेत हे नाही. तिथे संक्रांत ज्या वारी पडेल त्या वाराची कन्या येते, तिचं वाहन, शस्त्र, खाणं ठरलेलं, आणि त्यावरून पावसापाण्याचं भाकीत. आपल्या दाते पंचांगात मकरसंक्रांत 'कशावर बसून आली' ते वाचणाऱ्यांना समजावून सांगायला नको.

दोन्ही सण आता युनेस्कोच्या यादीत आहेत, थाई सोंगक्रान २०२३ मध्ये आणि बर्मी थिंज्यान २०२४ मध्ये.

---

चक्रीवादळ

लाम्पांगला जाणार असाल तर बर्मी विहार कसे ओळखायचे, कोणी सांगेल का?

---

ताडपत्र

चक्रीवादळ, लाम्पांगमधले बहुतेक युद्धाचे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कंपन्यांच्या सागवान तोडीवर आलेल्या बर्मी आणि शान व्यापाऱ्यांनी बांधलेले. वाट सी चुम, वाट सी रोंग मुआंग, वाट पा फांग हे बघा.

आधी छप्पर: बर्मी छपरं एकावर एक निमुळती होत मनोऱ्यासारखी चढतात, कडांना जस्ताच्या पत्र्याची कातरलेली झालर. लान्नाचं छप्पर लांब उतरतं, जवळजवळ जमिनीकडे. जिन्याशी लान्नात नाग, बर्मींकडे बसलेले सिंह. आत बुद्धमूर्ती: कपाळावर खडे जडवलेली रुंद पट्टी, चिवराच्या जाड दुमडी, गोल भरलेला चेहरा आणि डोक्यावर नुसता फुगीर उंचवटा असेल तर मंडाले पद्धत. डोक्यावर ज्वाला आणि चिवर अंगाला चिकटलेलं असेल तर थाई. खांबांवर आरशाच्या तुकड्यांचं काम दोन्हीकडे असतं, त्यावरून ठरवू नका.

---

मोडीवाचक

गणिती, तुमच्या कोष्टकाने एक तारीख पडताळून द्याल का? ७ एप्रिल १७६७ ही थाई बखरीत 'मंगळवार, पाचव्या महिन्याची शुक्ल नवमी, चुल्लशकराज ११२९' अशी आहे.

---

गणिती

११२९ अधिक ६३८, १७६७. वार मंगळवारच येतो. अमावास्या मार्चअखेरीस, म्हणजे नवमीही बसते. त्यांचे महिने ठरीव २९-३० दिवसांचे असल्याने आपल्या तिथीशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, तेवढं धरून चाला. शकाचा आकडा काटेकोरपणे दोन-चार दिवसांनी, संक्रांत उलटल्यावर बदलायला हवा, पण बखरकार चैत्र लागला की नवं साल लिहीत, त्यामुळे चूक नाही.

---

मोडीवाचक

पाचवा महिना म्हणजे तुमच्याच हिशेबाने चैत्र. चैत्र शुद्ध नवमी.

---

ताडपत्र

रामनवमी. अयोध्येचं नाव लावलेलं शहर. हे इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं आणि लक्षात आलं नव्हतं.